गोफण खुंटीला

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहायला बसण्याइतका मी कोणी नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की याला सगळं येत असेल. येत नाही. परीक्षेत निबंध लिहिले आहेत, पण त्यांच्या शेवटी काय म्हणायचं ते आधीच ठरलेलं असायचं. इथे ते ठरलेलं नाही. एवढंच खरं की एक लांडगीण माझ्या मनातून जात नाही, आणि तिच्याबद्दल कोणापाशी बोलायला गेलो की दोन वाक्यांत घसा बसतो. लिहिताना निदान घशाचं काम नसतं, म्हणून लिहितो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्यावं.

माझ्या मामांचं गाव परतूर आणि घनसावंगीच्या मधे आहे. जीपमधून फाट्यावर उतरलं की गावापर्यंत गायरानातून पायवाट जाते. गायरान म्हणजे मुरमाड माळ. कुसळीचं गवत, अधूनमधून बाभळी, मधोमध एक कोरडा नाला, आणि नाल्यापलीकडे लोकांचे कापसाचे पट्टे. मामांची थोडी शेती आहे आणि शेळ्या आहेत. शेळ्या घेऊन ते रोज त्या माळावर असतात. लांडगेही त्याच माळावर असतात. लहानपणी सुट्टीत गेलो की मला यात विशेष काही वाटायचं नाही.

लांडगा दिसला की मामा गोफण फिरवायचे. दगड त्याला लागू द्यायचा नाही, पण त्याच्या पायाशी माती उडाली पाहिजे, ही त्यांची रीत. दगडाबरोबर तोंडही सुटायचं. डाव्या कानाला खाच असलेली एक लांडगीण नाल्याच्या काठावर नेहमी दिसायची. तिला मामांनी विहीणबाई असं नाव ठेवलं होतं.

"आल्या का विहीणबाईऽऽ! मानपान घ्यायला आल्या! पाट मांडू का? लुगडं कंच्या रंगाचं पाहिजे? चल हाड् भवाने, हाड्!"

आवाज माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. दगड पडायच्या आधीच ती वळलेली असायची. मामी म्हणायच्या, "लेकीच्या सासूपुढं, खऱ्या विहिणीपुढं तोंडातून अक्षर निघत न्हाई, सगळा माज त्या मुक्या जनावरावर."

कॉलेजसाठी मी जालन्याला आलो आणि जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. प्राणिशास्त्राचे आमचे सर रविवारी पोरांना घेऊन रानात पायी हिंडायचे. शहरातली हौशी माणसंही सोबत यायची. सर त्याला पायी सफारी म्हणायचे. गाडी नाही, हॉर्न नाही, जनावराच्या घरी आपण पायांनी जायचं आणि पाहुण्यासारखं वागायचं. मी भीत भीत सांगितलं की आमच्या मामांच्या माळावर लांडगे आहेत. सरांचा चेहरा असा उजळला की वर्गात पहिल्यांदाच आपल्याकडे कोणीतरी नीट पाहिलं, असं मला वाटलं.

मामांना फोन केला तर ते म्हणाले, "सफारी? ते पुढारी घालत्यात ते कापड?"

"न्हाई मामा. चालत जाऊन लांडगे बघायचे."

"मंग मी रोजच सफारी करून राह्यलो की. या, या. घेऊन या समद्यांना. मामी पिठलं टाकील."

हिवाळा नुकता लागला होता. पहिल्या रविवारी निघायच्या आधी सरांनी आम्हाला बाभळीखाली उभं करून शिकवलं. जनावर दिसलं की थांबा. हात अंगाजवळ ठेवा. श्वास लांब घ्या. डोळ्यांत डोळे घालू नका, थोडं बाजूला बघा. पाठ फिरवू नका, धावू नका, कुजबुजूसुद्धा नका. आपल्या अंगात भीती नसली की त्याच्याही अंगात येत नाही, असं ते म्हणाले.

बाकीच्यांना हे अवघड गेलं. कोणाला खोकला यायचा, कोणाचा फोन वाजायचा. मला मात्र पहिल्याच दिवशी जमलं. कारण साधं आहे. कॉलेजात पहिलं वर्षभर मी हेच करत होतो. कोणाच्या नजरेत यायचं नाही, हात जवळ, श्वास हळू, प्रश्न विचारतील म्हणून सरांच्या थोडं बाजूला बघायचं. ज्या गोष्टीची मला लाज वाटायची ती माळावर एकदम गुण ठरली. सर सगळ्यांना म्हणाले, "याच्याकडे बघा, असं उभं राहायचं."

त्या दिवशी खाच पडलेल्या कानाची लांडगीण नाल्याच्या पलीकडे आली. आम्ही सगळे थांबलो. ती आमच्याकडे बघत होती, आणि तेवढ्यात मागून मामांची गोफण वाजली. "विहीणबाईऽऽ, आज वऱ्हाड घेऊन आलोय बघा आम्ही!" ती गेली. कॅमेरावाल्या एका ताईंनी मान खाली घातली आणि हळूच मला म्हणाल्या, "मामांना थोडं शांत राहायला सांगाल का? एवढ्या लांबून आलो होतो."

संध्याकाळी जेवताना मी ते सांगितलं. माझ्या पुढचं ताट मामा मला कधी उचलू देत नाहीत. आमच्याकडे भाच्याचा मान तसा असतो. एका भाच्याला जेवू घातलं की शंभर जणांना जेवू घातल्याचं पुण्य, असं म्हणतात, आणि मामा ते म्हणत नाहीत, पाळतात. मी म्हणालो, "मामा, आम्ही असतो तेव्हा तुम्ही ओरडू नका. गोफण पण नको. सर म्हणतात जनावर बुजतं."

मामा हसले. "बुजावं म्हणूनच वरडतो ना बाबा."

"त्यांना ते बरोबर वाटत नाही."

मामींनी भाकरी वाढता वाढता हात थांबवला. "भाच्यानं आजवर तोंड उघडून काय मागितलंय का? मागितलं तर देऊन टाका."

"अगं, पण लोक मामाकडं गाडी मागत्यात, अंगठी मागत्यात. ह्यानं काय मागावं? मामा, गप ऱ्हा!" मग ते उठले, हात धुतले, गोफण घेतली आणि चुलीजवळच्या खुंटीला टांगली. "दिलं. जा."

मी म्हणालो, "मामा, फक्त रविवारपुरतं."

"भाच्याला दिलेलं रविवारपुरतं नसतंय," ते म्हणाले. "दिलं तर दिलं."

हे कोणाच्या वाईट हेतूने झालं नाही, एवढं मला सांगायचं आहे. सर चांगले आहेत. त्या ताई चांगल्या होत्या. दिवाळीनंतर त्या मामींसाठी आठवणीने शाल घेऊन आल्या. मामांनाही पुढे त्यात गोडी वाटू लागली. शहरातली माणसं त्यांच्या बाजूला बसून पिठलं खायची, त्यांना लांडग्यांबद्दल विचारायची, आणि मामा ठोकून द्यायचे. लांडगा सात पिढ्यांचं वैर लक्षात ठेवतो म्हणाले, अमावास्येला त्याला दिसत नाही म्हणाले. सर हसून मान हलवायचे.

माळ शांत झाला. लहानपणापासून मी त्या माळावर येत होतो, पण असा शांत माळ मी पाहिला नव्हता. वारा गवतातून जायचा तेवढाच आवाज. आणि त्या शांततेत विहीणबाई दर वेळी जरा अलीकडे दिसायची. आधी नाल्यापलीकडे. मग नाल्यात. संक्रांतीच्या सुमारास नाल्याच्या अलीकडच्या काठावर, ऊन खात. शिमग्याच्या आधी एका रविवारी आम्ही डबे उघडून बसलो होतो, तर ती समोरच्या बाभळीखाली येऊन बसली, पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "तिने आपल्याला स्वीकारलं."

मी मामांकडे पाहिलं. ते शेळ्यांच्या मधे उभे होते. तोंड किंचित उघडं होतं आणि उजवा हात कमरेशी काहीतरी चाचपत होता. तिथे काही नव्हतं.

तिने एक करडू नेलं तेव्हाही मामा ओरडले नाहीत. हे मला मामींनी सांगितलं. "निस्ते बघत ऱ्हायले. म्हणलं, वरडा की हो! तर म्हणले, भाच्याला शब्द दिलाय."

आता मी त्या दुपारीबद्दल लिहितो, कारण झोपेत मला तीच दिसते.

परीक्षेच्या आधी एकदा मामींनी बोलावलं होतं, म्हणून मी एकटाच गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. पायवाटेने निम्म्यात आलो आणि कळलं की कोणीतरी सोबत चालतंय. डावीकडे, गवताच्या कडेने, माझ्याच चालीने. मी थांबलो. ती थांबली. मी शिकल्याप्रमाणे हात अंगाजवळ घेतले, श्वास लांब केला, तिच्या थोडं बाजूला पाहिलं. भीती वाटली नाही. खरं सांगतो, मला थोडा अभिमानच वाटला, की इतक्या माणसांतून ती माझ्यापाशी आली.

मग मी चाललो आणि ती पुन्हा चालली. आता ती पायवाटेवरच आली होती, माझ्या मागे. मी वळून बघितलं. तिने कान टवकारले नव्हते, शेपूट आत घेतली नव्हती, दातही दाखवले नव्हते. ती मला बघत होती आणि तिच्या बघण्यात काहीच नव्हतं. राग नाही, भूक नाही, विचारणं नाही. घराच्या दाराकडे बघावं तशी ती बघत होती.

हे बरोबर नाही, असं माझ्या अंगाला कळलं, माझ्या आधी. मला वाटलं ओरडावं. मामांसारखं, पोटातून. दगड उचलावा. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. घशातून नुसता श्वास गेला, लांब, संथ, सरांनी शिकवलेला. हात अंगाला चिकटून राहिले. मी इतका शांत झालो होतो की मला त्यातून बाहेरच येता येईना. आणि ती खाली बसली. भर उन्हात, पायवाटेवर, माझ्यापासून एवढ्या जवळ की तिच्या कानाच्या खाचेतून मला मागचं गवत दिसत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. गावाकडून एक मोटारसायकल आली, तेव्हा ती उठली आणि सावकाश, जराही घाई न करता, बाजूला झाली.

मामांना सांगितलं. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गोफण काढू का?"

मी म्हणालो, "काढा मामा."

त्यांनी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही सोबत गेलो. ती बाभळीखाली होती. मामांनी गोफण फिरवली, दगड तिच्या पायाशी पडला, माती उडाली. "विहीणबाईऽऽ! चला, उठा, झालं जेवण!" तिने मातीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. उठली नाही. मामांनी पुन्हा ओरडून पाहिलं. त्यांचा आवाज मधेच फाटला. ते म्हणाले, "हिला आता खोटं वाटून राह्यलं रे."

परीक्षा सुरू झाली आणि मी जालन्यात अडकलो. रविवारच्या फेऱ्याही उन्हामुळे बंद झाल्या. मग एका दुपारी मामांचा फोन आला. त्यांनी मामी कशा आहेत, शेळ्या कशा आहेत, पाणी किती खाली गेलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "विहीण गेली."

नाल्यापलीकडच्या शेतात बायका पऱ्हाट्या उपटून ढीग घालत होत्या. कापसाचं पीक निघालं की वाळकी झाडं राहतात, त्या पऱ्हाट्या. ती तिथे चालत आली. दुपारी, उघड्यावर, सगळ्यांसमोर. बायका ओरडल्या तरी ती गेली नाही. ट्रॉलीच्या सावलीत जाऊन बसली. आता त्या लोकांना काय माहीत? माणसाला न भिणारा लांडगा म्हणजे पिसाळलेला लांडगा, एवढंच आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. माणसं काठ्या घेऊन आली. ती आपल्या जागेवरून शेवटपर्यंत उठली नाही म्हणतात. त्या गोंधळात एक बाई पऱ्हाट्यांच्या ढिगावर पडली आणि तिच्या दंडाला ओरखडा निघाला. तो पऱ्हाटीचा की दाताचा, तिला स्वतःलाच सांगता येईना. पोटुशी बाई. तिला तालुक्याला नेऊन इंजेक्शनं सुरू केली. वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, लांडगीण घेऊन गेली. डोकं तपासायला पाठवलंय, म्हणाले. निकाल यायला वेळ लागणार होता.

सरांना मी सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पेपर लिहिले, काय लिहिलं आठवत नाही. खोलीवरून उतरून गल्लीत आलो की पोत्यांच्या थप्प्यांमधून एखादं तांबूस कुत्रं बाहेर यायचं आणि मी जागच्या जागी थांबायचो, हात अंगाजवळ. मागून रिक्षावाला ओरडायचा, "ओ भाऊ, रस्त्यात पुतळा झाला का?" ते कुत्रं कधीच निघून गेलेलं असायचं. तरी माझे पाय उचलत नसत. झोप लागली की पायवाट दिसायची, आणि मागे कोणीतरी माझ्याच चालीने.

आणि एक गोष्ट मी मनात म्हणत होतो. म्हणत होतो, ती पिसाळलेलीच असू दे. तिच्या मेंदूत रोग असू दे, म्हणजे ती त्या रोगाने माळ सोडून माणसांत आली असेल. मग त्या हिवाळ्यातली शांतता नुसती शांतताच राहील. मामांनी दिलेला शब्द, सरांचं शिकवणं, माझं उभं राहणं, सगळं जसं होतं तसं राहील.

एका संध्याकाळी अंथरुणावर पडल्या पडल्या हेच मागत होतो आणि अचानक मला त्या बाईचा दंड दिसला. मी तिला कधी पाहिलेलं नाही. इंजेक्शनं वेळेवर मिळाली होती, आता काही धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिची सासू रोज तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरून बघत होती, ती पाण्याला भिते का म्हणून. हे मामांनीच सांगितलं होतं. लांडगीण पिसाळलेली असू दे म्हणजे काय मागतोय मी? कोणासाठी? मी उठून बसलो. त्यानंतर मला दोन्ही मागता येईना. पिसाळलेली असू दे म्हणायला तोंड उघडत नव्हतं, आणि नसू दे असं म्हणायचं धाडस होत नव्हतं.

मामा अधूनमधून त्या बाईच्या घरी चक्कर टाकायचे. कोणी नात्यातली नाही, पण जायचे. "निस्तं विचारून येतो," म्हणायचे. मामींनी एकदा फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "जेवत न्हाईत नीट. त्या माळावर जाऊन बसत्यात. तू तरी सांग." मी काय सांगणार होतो? मी सांगितलेलं ते ऐकतात, त्याचीच मला धास्ती बसली होती. मी एवढंच म्हणालो, "मामी, त्यांना बोलतं ठेवा."

वैशाख सरत आला तेव्हा मामांचा फोन आला. मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, हमाल पोती उतरवत होते, त्यामुळे पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. मी उठून गल्लीच्या कोपऱ्यावर गेलो.

"ऐकून राह्यला ना?" मामा म्हणाले.

"हो मामा."

"आज वनखात्याचा माणूस त्या बाईच्या घरी येऊन सांगून गेला. मी तिथंच होतो. बाईच्या सासूनं साखर वाटली." मागे शेळ्यांचा आवाज येत होता. "विहीण पिसाळलेली नव्हती, भाच्या. काही रोग नव्हता तिला. बिलकुल नव्हता."